२५२० चं ‘गूढ’ म्हणजे साधा लसावि

‘१ ते १० या सगळ्या संख्यांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०; ती रामानुजन यांनी शोधली, आणि तिचं रहस्य ७ वार × ३० दिवस × १२ महिने’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातलं भाग जाणं आणि गुणाकार तेवढे बरोबर आहेत.

१ ते १० चा लसावि, म्हणजे या सगळ्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या, काढून पाहा. प्रत्येक मूळ अवयवाचा मोठ्यात मोठा घात घ्यायचा: ८ मधून २×२×२, ९ मधून ३×३, मग ५ आणि ७. ८×९×५×७ = २५२०. ६ आणि १० चे अवयव यात आधीच आलेत, ते पुन्हा गुणले की उत्तर फुगतं. ७×३०×१२ चे अवयव पाडले तरी नेमके हेच निघतात. त्यात कॅलेंडरचा काही संबंध नाही.

‘एकमेव’ तर मुळीच नाही. ५०४०, ७५६०, २५२० ची कुठलीही पट चालते. २५२० ला ११ ने भागलं तर मात्र बाकी १ उरते.

रामानुजन यांचं खरं काम याहून कितीतरी सुंदर आहे. २५२० ला ४×३×२×२ = ४८ विभाजक आहेत; तिच्याहून लहान एकाही संख्येला इतके नाहीत. अशाच संख्यांवर त्यांनी १९१५ साली मोठा शोधनिबंध लिहिला. या मालिकेत २५२० नंतर ५०४० येते, विभाजक ६०.