सात-बारा नव्हे, एक-चौदा

महाराष्ट्रात शिकून आलेला वकील गोव्यात पहिल्यांदा अडखळतो तो उताऱ्यापाशी. इथं सात-बारा नाही, एक-चौदा आहे, आणि त्यातला कुळाचा रकाना कोरा असला की भाटकार, म्हणजे जमीनमालक, खूश.

मुक्तीनंतर १९६४ साली गोवा, दमण आणि दीवचा शेती कूळ कायदा आला. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण १९७५ मध्ये मिळालं. कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीनं २० एप्रिल १९७६ हा कसणाऱ्याचा दिवस ठरला आणि त्या दिवशी कूळ मालक झालं. निदान कागदावर. तेव्हा मुख्यमंत्री शशिकला काकोडकर होत्या. या सगळ्याच्या खाली गांवकारीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेचा, जुना थर आहे. कोमुनिदादींची (गांवकारीचं पोर्तुगीज नाव) पोर्तुगीज संहिताही १९६१चीच, मुक्तीच्या काही महिने आधीची.

गोव्यात कायद्याचं महाविद्यालय आलं ते १९७०च्या दशकात, मिरामारला. मडगावचं कारे महाविद्यालय नंतरचं. म्हणजे कूळ-मुंडकार कायदे आणि ते शिकवणारे वर्ग जवळपास एकाच पिढीचे. पुढं १९९०च्या दशकाच्या अखेरीस बार कौन्सिलनं प्रात्यक्षिकाचे पेपर सक्तीचे केले, त्यांत कायदेविषयक मदतही होती.

पण कायदेविषयक मदतीच्या शिबिरात येणारा माणूस परीक्षेचा पेपर घेऊन येत नाही. देवळाच्या सभामंडपात प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेला उतारा निघतो. ‘बापूय खंड दिता आसलो,’ (बाप खंड देत असे) म्हातारी सांगते. पावती? भाटकारानं कधी दिलीच नाही. तोंडी कुळवट सिद्ध कशी करायची हे कुठल्याही गाइडात नीट सापडत नाही; शेजारच्या शेतकऱ्याची साक्ष, मामलेदाराकडचा अर्ज, बांध कुणी घातला याची आठवण, असं जुळवत जावं लागतं. २०१४च्या दुरुस्तीनं हे दावे दिवाणी न्यायालयात नेले. ओरड झाली आणि ते मामलेदाराकडे परतले.

जमिनीच्या कायद्यांच्या मानानं अन्नाचा कायदा इथं उशिरा पोचला. अन्नसुरक्षा कायदा २००६चा, अंमल ५ ऑगस्ट २०११पासून. तोवर जत्रेत खाजं नावाची मिठाई विकणाऱ्याला नोंदणी हा शब्द परका होता. फेणीची गंमत वेगळीच: २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी अबकारी कायद्यात ती काही वर्षं देशी दारूच राहिली.

२०२३चा शेतजमीन हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा मुख्यतः भातशेतीसाठी आहे. काजूच्या डोंगरासाठी नाही. तो कुठल्या जमिनीला लागू, शिबिरात हल्ली हाच प्रश्न जास्त येतो.