डायक्लोफेनॅक

दाहयुक्त सूज (शोथ) आणि तिच्यामुळे होणारी वेदना कमी करणारे एक स्टेरॉइडेतर औषध. ते सोडियम किंवा पोटॅशियम लवणाच्या रूपात गोळी, इंजेक्शन, गुदवर्ती (गुदद्वारात ठेवायची वडी) आणि मलम अशा प्रकारांत मिळते. भारतात हे औषध व्होवेरान या व्यापारी नावाने व इतर अनेक नावांनी विकले जाते. संधिवाताभ संधिशोथ, अस्थिसंधिशोथ, कण्याचा ताठरपणा आणणारा संधिशोथ, मासिक पाळीतील वेदना, मूत्रखड्याची कळ इत्यादींत ते वापरले जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे संधिवाताभ संधिशोथातील त्याच्या सुरक्षित वापराचा विचार केला आहे, कारण या विकारात ते महिनोन्महिने घेतले जाते आणि त्याचे धोकेही तेथेच ठळकपणे दिसतात.

आजाराच्या नावाचा घोळ आधी दूर करणे आवश्यक आहे. मराठीत ‘संधिवात’ हा शब्द सांध्यांच्या जवळजवळ सर्वच दुखण्यांना सरसकट लावला जातो. वयोमानाने गुडघ्यातील कूर्चा झिजणे हा एक विकार (अस्थिसंधिशोथ) आहे, तर शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला चढविणे हा अगदी निराळा विकार (संधिवाताभ संधिशोथ) आहे. दुसऱ्यात हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात आणि सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे मिटत नाहीत. ‘आमवात’ हे नाव या दुसऱ्या विकाराला बोलीत रूढ आहे. माधवनिदान या आयुर्वेदीय रोगनिदान-ग्रंथात (सु. सातवे–आठवे शतक) आमवाताचे स्वतंत्र प्रकरण असून त्यातील वेदनेला विंचवाच्या दंशाची उपमा दिलेली आहे. हा आमवात आणि आजचा संधिवाताभ संधिशोथ एकच, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते त्या वर्णनात संधिज्वरासह एकाहून अधिक रोग सामावलेले आहेत. वर्णनातील ज्वर व पचनाच्या लक्षणांवरचा भर पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. एकाच ‘संधिवाता’साठी शेजाऱ्याची गोळी दुसऱ्याने घेण्याची सुरुवात पुष्कळदा या नावापासूनच होते.

इतिहास : डायक्लोफेनॅकचा शोध आल्फ्रेड झालमान आणि रुडॉल्फ फिस्टर यांनी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे लावला. त्याचा काळ निरनिराळा दिला जातो. रेणूची जुळणी १९६०–७० या दशकाच्या मध्यास झाली असावी. बाजारात ते १९७३ मध्ये आले असे अनेक ठिकाणी नमूद आहे, तर झालमान यांच्या स्वतःच्या वृत्तांतानुसार ते प्रथम १९७४ मध्ये जपानात उपलब्ध झाले. शोधकर्त्याचे कथन म्हणून दुसरे साल धरणे योग्य ठरेल. निर्माती कंपनी म्हणून सिबा-गायगीचे नाव घेतले जाते, पण सिबा व गायगी यांचे विलीनीकरण १९७० मधील असल्याने आरंभीचे काम गायगीच्या काळातील ठरते. अमेरिकेत या औषधाला १९८८ मध्ये मान्यता मिळाली.

हा रेणू योगायोगाने सापडलेला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. त्या काळी फिनिलब्युटाझोन, मेफेनॅमिक अम्ल आणि इंडोमेथॅसिन ही औषधे उपलब्ध होती. ती प्रभावी होती, पण पचायला जड. त्यांच्यातील समान गुणधर्म शोधून काढून नव्या औषधाचा साचा ठरविण्यात आला. अम्लता स्थिरांक (अम्ल किती तीव्र आहे हे दर्शविणारा आकडा) ४ ते ५ च्या दरम्यान हवा, रेणू पाणी व मेद या दोहोंत बेताने विरघळावा (विभाजन गुणांक १० च्या आसपास) आणि रेणूतील दोन अरोमॅटिक (बेंझिनसारखी) वलये एकमेकांशी पिळलेल्या स्थितीत असावीत, अशा त्या अटी होत्या. डायक्लोफेनॅकमधील क्लोरिनचे दोन अणू एका वलयाच्या दोन्ही बाजूंना बसून हा पीळ घट्ट करतात. प्रत्यक्षात त्याचा अम्लता स्थिरांक ४ आणि विभाजन गुणांक १३·४ भरला.

क्रिया : या गटातील औषधे प्रोस्टाग्लँडिनांची (शरीरात तयार होणाऱ्या, शोथ व वेदना वाढविणाऱ्या द्रव्यांची) निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. या संशोधनासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक सुने बर्गस्ट्रॉम व बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासह मिळाले. प्रोस्टाग्लँडिने तयार करणारे सायक्लोऑक्सिजनेज हे विकर (एंझाइम) दोन प्रकारचे असते, ही गोष्ट १९९० नंतर स्पष्ट झाली. पहिला प्रकार जठराच्या अस्तराचे रक्षण, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणि रक्तबिंबिकांचे (प्लेटलेटांचे) कार्य सांभाळतो. दुसरा मुख्यतः शोथाच्या जागी वाढतो. तेव्हा फक्त दुसऱ्याला रोखले की वेदना जाईल आणि पोटही वाचेल, या कल्पनेतून ‘कॉक्सिब’ गटातील औषधे निर्माण झाली. डायक्लोफेनॅक मात्र जुन्या पिढीचेच समजले जात राहिले. पुढे मानवी रक्तावरील प्रयोगांत त्याचा कल दुसऱ्या प्रकाराकडे सेलेकॉक्सिब या कॉक्सिबाइतकाच असल्याचे आढळले. म्हणजे जुन्या यादीत बसलेले हे औषध वागण्याने कॉक्सिबांच्या जवळचे आहे. कॉक्सिबांप्रमाणेच त्याच्या हृदयविषयक धोक्याचे (पुढे पहा) मूळ येथे आहे.

रक्तातून ते लवकर, साधारण एक ते दोन तासांच्या अर्धायुकालाने (प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळाने), कमी होते. सांध्यातील वंगणद्रवात मात्र त्याचे प्रमाण उशिरा चढते आणि रेंगाळते, म्हणून दिवसातून दोन-तीन मात्रा पुरतात. त्याचे विघटन यकृतात होते.

उपचारातील स्थान : डायक्लोफेनॅकने ताठरपणा व वेदना कमी होतात, पण सांध्याची झीज थांबत नाही. हा मुद्दा रुग्णाला पहिल्याच भेटीत समजला पाहिजे. रोगाचा मार्ग बदलणारी औषधे मेथोट्रेक्झेट, सल्फासलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, लेफ्लुनोमाइड इ. आहेत. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे ते महिने लागतात. तोवर हातपाय चालते ठेवण्यासाठी आणि पुढे रोग उफाळला की तात्पुरता आधार म्हणून डायक्लोफेनॅक दिले जाते. गोळीने आराम पडला म्हणून मूळ उपचार लांबवणे ही या औषधाच्या वापरातील सर्वांत महागात पडणारी चूक होय. तिने पोटाला काही झाले नाही तरी बोटे कायमची वाकडी होतात.

प्रौढांना नेहमीची मात्रा ५० मिग्रॅ. दिवसातून तीनदा किंवा ७५ मिग्रॅ. दोनदा अशी असते. अमेरिकेत संधिवाताभ संधिशोथासाठी दिवसाला २०० मिग्रॅ.पर्यंत मुभा आहे. युरोपात कमाल मर्यादा १५० मिग्रॅ. धरली जाते आणि तीच पाळणे इष्ट. गुण येईल तेवढी कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, हे सूत्र सर्व मार्गदर्शनांत समान आहे. आतड्यात विरघळणारे आवरण असलेली किंवा सावकाश झिरपणारी गोळी तोडू अथवा चावू नये.

हृदय व रक्तवाहिन्या : रोफेकॉक्सिब हे कॉक्सिब गटातील औषध हृदयविकाराच्या झटक्यांच्या कारणाने सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. त्यानंतर जुन्या औषधांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. २०१३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात शेकडो चाचण्यांतील माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार कॉक्सिब किंवा उच्च मात्रेतील डायक्लोफेनॅक वर्षभर घेणाऱ्या दर हजार रुग्णांमागे सुमारे तिघांना हृदय वा रक्तवाहिन्यांची गंभीर घटना अधिक घडते व त्यांपैकी एक प्राणघातक असते. नॅप्रोक्सेन या जुन्या स्टेरॉइडेतर औषधाबाबत अशी वाढ दिसली नाही. त्याच वर्षी युरोपीय औषध संस्थेने हृदयाला रक्त कमी पडणे, हृदयाची अकार्यक्षमता, पक्षाघात किंवा पायांच्या रोहिण्यांचा विकार असलेल्यांना डायक्लोफेनॅक वर्ज्य ठरविले. ब्रिटनमध्ये २०१५ पासून त्याच्या गोळ्या चिठ्ठीविना मिळेनाशा झाल्या.

काही संधिवाततज्ञ असे निदर्शनास आणतात की, अनियंत्रित शोथ स्वतःच रोहिण्यांना घातक असतो आणि वेदनेने जखडलेला रुग्ण हालचालच करीत नाही. त्यामुळे सर्वसाधारण लोकांतील आकडे या रुग्णांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. तथापि शोथ आवरण्याचे काम मेथोट्रेक्झेटसारख्या औषधांचे असल्याने, हृदयविकार असलेल्या रुग्णासाठी दुसरे वेदनाशामक निवडणे हीच सावध भूमिका ठरते.

जठर व आतडी : छातीत जळजळण्यापासून व्रण, रक्तस्राव व छिद्रापर्यंत उपद्रव होऊ शकतात. आधी दुखल्याशिवायही रक्तस्राव होतो, म्हणून ‘पोट दुखत नाही’ ही खात्री नव्हे. वय ६५ च्या पुढे, पूर्वी व्रण झालेला, सोबत स्टेरॉइड, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असणे यांनी धोका वाढतो. अशांना सकाळी ओमेप्राझोल अथवा पँटोप्राझोल ही जठरातील अम्ल कमी करणारी गोळी देतात. काही नैराश्यशामक औषधांनीही रक्तस्रावाची शक्यता वाढते.

येथे दोन समज खोडून काढणे अगत्याचे आहे. जेवणानंतर घेतली की गोळी निर्धोक होते, हा पहिला. अन्नाने मळमळ कमी होते, पण जठराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिने रक्तातून आलेल्या औषधामुळेच घटतात. त्यामुळे इंजेक्शन किंवा गुदवर्ती घेतल्याने पोट वाचते, हा दुसरा समजही टिकत नाही. उलट कुल्ल्यातील इंजेक्शनाने क्वचित ऊतक मरणे, गळू होणे किंवा नसेला इजा होणे हे वेगळे धोके असतात. नियमित गोळी गिळू शकणाऱ्या रुग्णाने दर आठवड्याला ‘सुई’ टोचून घेण्याला आधार नाही. डांबरासारखी काळी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, एकाएकी घेरी किंवा धाप यांपैकी काही झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मूत्रपिंडे व यकृत : शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिनांच्या आधाराने टिकतो. तो आधार काढून घेतला की मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होऊ शकतात. रक्तदाबाच्या ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातील गोळ्या, लघवी होण्याची गोळी आणि डायक्लोफेनॅक ही तीन एकत्र येणे विशेष घातक मानले जाते. मराठी घरांतील रुग्णाला हे उन्हाळ्यातील जुलाब-उलट्या, पायी वारी किंवा निर्जळी उपवास यांच्या संदर्भात सांगितले तर चटकन समजते. अशा दिवसांत गोळी बंद ठेवण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शक्यता असेल, तर रक्तस्रावाच्या भीतीने हे औषध टाळतात. संधिवाताची रोजची गोळी हीच ती ‘पेनकिलर’ आहे, हे ताप पाहणाऱ्या डॉक्टरला सांगावे लागते.

यकृतावरील परिणाम या गटातील इतर औषधांपेक्षा डायक्लोफेनॅकने अधिक आढळतो. यकृताची विकरे वाढणे बहुधा पहिल्या काही महिन्यांत घडते, म्हणून औषध सुरू केल्यावर ४ ते ८ आठवड्यांत तपासणी सुचविली जाते. मेथोट्रेक्झेट व लेफ्लुनोमाइड याही यकृताला जपून द्यावयाच्या गोळ्या असल्याने संधिवाताभ संधिशोथात ही तपासणी चुकवू नये. डायक्लोफेनॅकमुळे मूत्रपिंडांतून मेथोट्रेक्झेटचा निचरा मंदावू शकतो. आठवड्यातून एकदा घ्यायच्या लहान मात्रेत दोन्ही औषधे सर्रास एकत्र दिली जातात आणि बहुतेकांना ती सोसतात, मात्र रक्तपेशी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे कार्य दाखविणारा रक्तातील घटक) व यकृत यांच्या ठराविक अंतराने तपासण्या होत असतील तरच. तोंडात फोड आले किंवा लघवी कमी झाली तर पुढची मात्रा घेण्यापूर्वी विचारावे. लिथियम या मनोविकारांवरील औषधाची रक्तातील पातळीही डायक्लोफेनॅकने चढते.

ॲस्पिरिनने दमा उफाळणाऱ्यांना डायक्लोफेनॅक देत नाहीत. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल कमी होण्याच्या व तिसाव्यानंतर गर्भाच्या हृदयाजवळील वाहिनी अकाली बंद होण्याच्या भीतीने ते टाळतात. हा रोग स्त्रियांत अधिक आणि अनेकदा तरुण वयात होतो, त्यामुळे मूल हवे असल्याचा विषय रुग्णेने सुरुवातीलाच काढणे हिताचे. मलमातून औषध रक्तात फारच कमी जाते. एखाद्या दुखऱ्या सांध्यापुरते ते उपयोगी पडते, अनेक सांधे सुजले असता नाही.

भारतात हे औषध ‘एच’ अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्यक्षात जुनी चिठ्ठी किंवा रिकामी पट्टी दाखवूनही ते मिळते. पॅरासिटॅमॉल, स्नायू सैल करणारे औषध किंवा सेराशिओपेप्टिडेज (सूज उतरावी म्हणून दिले जाणारे विकर) यांच्यासोबत एकाच गोळीत ते विकले जात असल्याने दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांतून तेच औषध दुप्पट पोटात जाण्याचा संभव असतो. पट्टीच्या मागील बाजूवरील बारीक अक्षरांतले घटक औषध-विक्रेत्याकडून वाचून घ्यावेत आणि ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही नावेही याच गटातील आहेत हे ध्यानात ठेवावे.

गिधाडे : डायक्लोफेनॅकचे नाव भारतीय उपखंडात आणखी एका कारणाने गाजले. हे औषध दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती, आणि मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या, मुंबईतील डुंगरवाडीच्या पारशी अंत्यविधींनाही त्याची झळ पोहोचली. २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी आली व त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक सुचविले गेले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्यामुळे २०१५ मध्ये मानवी इंजेक्शनाची कुपी ३ मिली.च्या एका मात्रेपुरती मर्यादित करण्यात आली. घरात उरलेले इंजेक्शन गोठ्यातील जनावराला देऊ नये.