बीटीच्या बॅगेतली ती छोटी पुडी

दिवाळीच्या दोन दिवस आधी सावनेरकडून मामा आले, आणि दरवर्षीसारखी संत्री वगैरे आणली असतील असं वाटलं तर पिशवीतून कपाशीची पंधरा-वीस बोंडं काढून थेट डायनिंग टेबलवर ओतली, काही हिरवी, काही फुटलेली. म्हणाले, "बारावीले बायलॉजी हाये न तुया पोरीले? मंग विचार तिले, बीटी पेरूनबी हे अळी काहून मरत नाई?" पोरगी तेव्हा आतल्या खोलीत मेंडलचे वाटाणे पाठ करत बसली होती, उंच-बुटके, गोल-सुरकुतलेले, ९:३:३:१. तिला काय माहीत की उत्तर त्याच पानावर आहे.

एक हिरवं बोंड विळीवर चिरलं. बाहेरून एकदम टवटवीत, कुठे भोक नाही की डाग नाही, कारण अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की ती आत शिरली की मागचं भोक बुजून जातं. आत चार कप्पे, तीन कप्प्यांत ओला पांढरा कापूस, आणि चौथ्यात सगळं पिवळट-तपकिरी, चिकटलेलं, ज्याला शेतकरी कवडी म्हणतात ते. आणि सरकीत तोंड खुपसून बसलेली ती, गुलाबी बोंडअळी, जेमतेम एक सेंटिमीटर, गुलाबी आडवे पट्टे, डोकं तपकिरी. उजेड पडल्यावर जरा वळवळली आणि पुन्हा सरकीत घुसायला लागली. बायको म्हणे हे सगळं ताबडतोब गॅलरीत न्या.

आता बीटी म्हणजे काय ते आधी. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला पटापट मरणाऱ्या रेशीमकिड्यांमध्ये एक बॅक्टेरिया सापडला, पुढे १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनर यांना तसाच बॅक्टेरिया पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला, तोही थुरिंगिया भागात, म्हणून नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस, थोडक्यात बीटी. म्हणजे आपण ज्याला प्रयोगशाळेतलं विष समजतो ते मुळात मातीत राहणाऱ्या जिवाणूचं प्रोटीन आहे. त्याला क्राय प्रोटीन म्हणतात, आणि ते रडण्यावरून नाही तर क्रिस्टलवरून, कारण जिवाणूच्या पेशीत ते स्फटिक होऊन पडलेलं असतं.

पण खरी मजा अळीच्या पोटात आहे. आपल्या जठरात ॲसिड असतं, अळीच्या आतड्यात बरोब्बर उलटं, पीएच ९-१० च्या वर, जवळजवळ साबणाच्या पाण्यासारखं. तिथे हा स्फटिक विरघळतो. विरघळला तरी तो अजून निरुपद्रवीच असतो, कारण प्रोटीन लांबलचक आहे आणि त्याचं टोक झाकलेलं आहे. मग अळीचेच एन्झाइम, जे पान पचवायला ठेवलेत, ते कात्रीसारखे येऊन त्याचा जवळपास निम्मा भाग कापून टाकतात, आणि उरलेला तुकडा असतो तो खरा घातक. म्हणजे अळी आपल्याच हाताने बंदुकीचं लॉक काढून देते! मग हा तुकडा आतड्याच्या पेशींवरच्या एका ठरावीक प्रोटीनला जाऊन चिकटतो, त्याचं नाव कॅडहेरिन, कुलूप-किल्लीसारखं बसलं तरच बसतं, आणि मग पेशीच्या पडद्याला भोकं पडतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगून फुटते. काही तासांत अळी खाणं बंद करते आणि दोन-चार दिवसांत मरते. आपल्या पोटात ना तो अल्कली ना ते कुलूप, त्यामुळे सरकीची ढेप खाणारी म्हैस आणि सरकीचं तेल खाणारे आपण, दोघांनाही हे प्रोटीन म्हणजे नुसतं प्रोटीन, डाळीतल्यासारखं पचून जातं. व्हॉट्सॲपवर जे फिरतं ना की अळी मरते मग माणूस कसा वाचेल, त्याला उत्तर एवढंच, कुलूपच नाही तर किल्ली काय करेल.

ते प्रोटीन बनवायची कृती, म्हणजे जीन, कपाशीत टाकायला शास्त्रज्ञांनी दुसराच एक जिवाणू वापरला, ॲग्रोबॅक्टेरियम. हा निसर्गातच झाडांच्या पेशीत आपला डीएनए घुसवतो आणि झाडाला गाठी आणतो, त्याच्या गाठीचे जीन काढून तिथे बीटीचा जीन ठेवला, झालं. पुढे त्या एका झाडापासून आपल्याकडच्या वाणांमध्ये हा जीन आणायला मात्र साधा जुना संकरच, पिढ्यान् पिढ्या. २६ मार्च २००२ ला भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि २००६ मध्ये दोन जीनवाली आली, क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी, पाकिटावर बीजी-टू लिहिलेली ती. सुरुवातीची वर्षं मामा अजून आठवतात, "फवारणीचा पंप माळ्यावर टाकला होता राजे हो."

मग बिघडलं कुठे?

अळीच्या कोट्यवधी लोकसंख्येत एखादीच्या कॅडहेरिनच्या जीनमध्ये आधीपासूनच चूक असते. कुलूपच वाकडं, किल्ली बसत नाही, म्हणून ती मरत नाही. ही चूक बीटीने तयार केलेली नाही, ती आधीच होती, बीटीने फक्त बाकीच्यांना मारून तिला मोकळं रान दिलं. आता प्रत्येक अळीकडे या जीनच्या दोन प्रती, एक आईकडून एक बापाकडून. एक प्रत वाकडी आणि एक सरळ असेल तर सरळ प्रतीमुळे काही कुलपं बरोबर बनतात, बीटी चिकटतं, अळी मरते. दोन्ही प्रती वाकड्या असतील तरच वाचते. मेंडलचा बुटका वाटाणा आठवा, तोही दोन्हीकडून बुटका मिळाला तरच बुटका. समजा हजारात एक प्रत वाकडी आहे, तर दोन्ही वाकड्या असायची शक्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक अळी. एवढ्या कमी अळ्यांनी कपाशीचं काही बिघडत नाही, जोवर त्या एकमेकींना सापडत नाहीत.

आणि इथे ती पुडी येते. बीटीच्या ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, साध्या नॉन-बीटी कपाशीची, ती शेताच्या कडेने लावायची. मामांना मी विचारलं तुम्ही लावली का कधी. मामा हसले. "अळ्या पोसाले कोन लावते बाप्पा!" गंमत म्हणजे ती अळ्या पोसायलाच होती, त्यांना नेमकं तेच कोणी सांगितलं नव्हतं, दुकानदाराने सांगितलं ते एवढंच की हे फुकट आहे. हिशोब असा की बीटीच्या शेतातून एखादा दोन्ही-वाकड्या-प्रतींचा पतंग बाहेर पडला तर त्याला जोडीदार कडेच्या साध्या कपाशीतून आलेला मिळावा, ज्याच्या दोन्ही प्रती सरळ. मग पिल्लांना एक वाकडी एक सरळ, आणि ती पिल्लं बीटी खाऊन मरतात. म्हणजे कडेच्या चार ओळींतल्या अळ्या या आपल्या बाजूच्या सोयरिकी. पुडी बांधावर फेकली की वाचलेला पतंग वाचलेल्याच पतंगीला भेटतो, आणि त्यांची सगळी पोरं वाकड्या कुलपाची, एकही मरत नाही. नंतर नॉन-बीटी बियाणं त्याच पाकिटात मिसळून द्यायला लागले, फेकायची सोयच ठेवली नाही, पण तोवर उशीर झाला होता. गुजरातमध्ये क्राय-१-एसी पचवणारी गुलाबी अळी २०१० मध्येच जाहीर झाली होती, मग काही वर्षांत दोन्ही जीनना न जुमानणारी, आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भात कपाशीची काय वाट लावली ते इथल्या कोणालाही विचारा.

पण सगळा दोष मामांच्या माथी मारायचा तर ते मला पटत नाही, कारण बोंडाच्या आत अजून एक भानगड आहे आणि ती जास्त खोल आहे.

आपल्याकडे बीटी जवळपास पूर्णपणे हायब्रिडमध्ये आली. हायब्रिडचे आई-बाप वेगळे, आणि बीटी जीन साधारण एकाच बाजूने येतो. म्हणून शेतातल्या झाडात बीटीची एकच प्रत. झाडाला एक प्रत पुरते, पानात-देठात प्रोटीन बनतं. पण बोंडातली सरकी म्हणजे त्या झाडाची पुढची पिढी, आणि पुढच्या पिढीत मेंडल आपला हिस्सा मागतो, चारातल्या एका सरकीत बीटी जातच नाही. दोन जीन असतील तर तेच ९:३:३:१. बोंडात ३२ सरक्या धरा, तर साधारण १८ मध्ये दोन्ही प्रोटीनं, ६ मध्ये फक्त पहिलं, ६ मध्ये फक्त दुसरं, आणि २ मध्ये काहीच नाही. गुलाबी अळी पान खातच नाही, ती सरकी खाते! तिच्यासाठी हे बोंड म्हणजे विषाच्या वेगवेगळ्या डोसांचं ताट, इथे थोडं तिथे नाही, एका वेळी एकाच किल्लीशी लढायचा सराव. एखाद्याला तालीम द्यायची तर यापेक्षा चांगली सोय काय असणार. बाहेरच्या देशांत बीटी कपाशी बहुतेक हायब्रिड नसलेल्या सरळ वाणांची, सगळ्या सरक्यांत बीटी. आपण हायब्रिड धरलं कारण त्याचं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, घरचं ठेवून चालत नाही, आणि हे गणित बायलॉजीचं नव्हतं.

हे पोरीला तोंडी पटेना, म्हणून शेती खात्यातल्या एका मित्राकडून बीटीचं दोनपैकी एकच प्रोटीन तपासायच्या बारा पट्ट्या मिळवल्या. अशा तपासणीचं किट आपल्या वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बनवलेलं आहे, हे किती नागपूरकरांना माहीत असेल देव जाणे, आपल्याला कॉटन मार्केट म्हटलं की तिथला भाजीबाजारच आठवतो. फुटलेल्या बोंडातल्या बारा सरक्या घेतल्या. पहिली चूक मीच केली, टरफलासकट कुटायला निघालो. पोरीने थांबवलं, आणि मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला, ती म्हणे बाबा टरफल आईचं असतं, आतला गर लेकराचा. अगदी बरोबर, टरफल हे मूळ झाडाचंच अंग, त्यात बीटी असणारच, तपासायचा तो गर. मग बसून सोललं, प्रत्येक गर वेगळ्या कपात कुटला, द्रावण घातलं, पट्टी बुडवली. दोन रेघा म्हणजे बीटी, एक रेघ म्हणजे नाही, कोविडच्या टेस्टसारखंच. आठ कपांत दोन रेघा आल्या, चारांत एक. पोरगी खट्टू, तिला नऊ-तीन पाहिजे होतं. तिला म्हटलं बारा वेळा नाणं उडवलं तर दरवेळी सहा छापे येतात का. मेंडलने उगाच हजारो वाटाणे मोजले नव्हते.

मामांचा दुसरा प्रश्न चांगला होता, हिरवी बोंडअळी मात्र अजून का फारशी दिसत नाही. ती सगळं खाते ना, तूर, हरभरा, टमाटर, भेंडी. विदर्भात कपाशीत तुरीच्या ओळी असतातच, म्हणजे न सांगता पुडी लावलेलीच आहे. गुलाबी अळी जवळपास फक्त कपाशीवर जगते, तिच्यासाठी दुसरं माहेर नाही. चीनमध्ये यांग्त्झे नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी हायब्रिडचं दुसऱ्या पिढीचं बी पेरलं, तर दर चौथं झाडच नॉन-बीटी निघालं, आपोआप कडेची कपाशी शेतभर, आणि तिथे गुलाबी अळी पुन्हा बीटीने मरायला लागली. तोच एक-चतुर्थांश, आपल्याकडे बोंडात विखुरला तर घात, त्यांच्याकडे झाडागणिक वेगळा झाला तर औषध. अमेरिकेने बीटी कपाशीसोबत आधी नॉन-बीटी कपाशी ठेवली, पुढे तिच्या जागी किरणोत्साराने वांझ केलेले पतंग सोडले आणि २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे आता उरलं काय, तर मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावा, डोमकळ्या म्हणजे अळीने आतून बंद करून टाकलेली फुलं तोडा, कमी दिवसांचे वाण घ्या, आणि मुख्य म्हणजे फरदड, हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर लांबवलेलं पीक, घेऊ नका, डिसेंबर संपला की पऱ्हाटी उपटा, कारण जितके जास्त दिवस बोंड तितक्या जास्त पिढ्या. मामा याच्यावर मान हलवतात आणि फेब्रुवारीपर्यंत वेचतात. शेवटच्या वेचणीचे पैसे पोरांच्या फीला असतात म्हणे, आता याच्यावर मी काय बोलू.

फेब्रुवारीतच आम्ही गावी गेलो होतो. भाव वाढेल म्हणून मामांनी पुढच्या खोलीत छताला लागेल एवढा कापूस भरून ठेवलेला, सगळ्यांच्या अंगाला खाज. रात्री जेवताना ट्यूबलाइटभोवती एक बारीक तपकिरी पतंग फिरत होता, मामी पदराने हाकलत होती. पोरगी उठली, कापसाच्या ढिगातून हाताने चाचपत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या काढल्या आणि नखाने फोडल्या. आत गुलाबी अळी गुंडाळून झोपलेली, पुढच्या पेरणीची वाट बघत. मामा ताट बाजूला ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी इले घरातच ठेवलं होय!"