शेजारच्या खुर्चीत दुसरा पायलट का नव्हता?

३ नोव्हेंबर १९४३च्या रात्री जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फकडे निघालेल्या एका ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरवर, डच किनारा ओलांडून फार वेळ झाला नसताना, मेसरश्मिट ११० या जर्मन विमानाने हल्ला केला. पायलट बिल रीडची समोरची काच फुटली. डोके, खांदे, हात जखमी झाले. वय २१. विमानातले बाकीचे धडधाकट आहेत एवढी खात्री करून घेऊन त्याने स्वतःच्या जखमांबद्दल अवाक्षर काढले नाही. पाठोपाठ फोकवुल्फ १९० या एका आसनाच्या जर्मन विमानाने ते शेंड्यापासून शेपटापर्यंत चाळणी केले. नॅव्हिगेटर ठार झाला, वायरलेस ऑपरेटरला प्राणघातक जखमा झाल्या.

मुळात हे लोक रात्री का उडत होते, याचे उत्तर १८ डिसेंबर १९३९च्या दुपारी सापडते. जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेन बंदराजवळ पोहोचलेल्या २२ ब्रिटिश वेलिंग्टन बॉम्बरांपैकी १२ जर्मनांनी भर उजेडात पाडली. ब्रिटिशांनी हळूहळू अंधाराचा आसरा घेतला. मग जर्मनीनेही अंधारात शिकार करायला विमाने तयार केली. जनरल काम्हुबरने आकाशाचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात जमिनीवरचे रडार, त्यावर नजर ठेवणारा नियंत्रक आणि त्याच्या सांगण्यावरून उडणारे एक शिकारी विमान. ब्रिटिशांनी ओळखले की हा नियंत्रक एका वेळी एकाच शिकारीला वाट दाखवू शकतो. म्हणून मे १९४२मधल्या कोलोनवरच्या हल्ल्यापासून सगळी विमाने एकाच वाटेने, लोंढ्यासारखी घुसू लागली.

जुलै १९४३मध्ये हॅम्बुर्गवर जाताना ब्रिटिशांनी ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या कागदी पट्ट्या उधळल्या आणि जर्मन रडार आंधळे झाले. डाव उलटला खरा, पण फार दिवस नाही. जर्मनांनी एका आसनाची दिवसाची विमाने रात्री सोडायला सुरुवात केली. रडार नसले तरी आगीच्या, सर्चलाइटच्या उजेडात बॉम्बर दिसतच. रीडला रात्री फोकवुल्फ भेटले त्याचे मूळ मला इथे दिसते.

बॉम्बरचा खरा बचाव बंदुकांपेक्षा डोळ्यांत होता. शेपटातल्या गनरने वेळेत ओरडून सांगायचे आणि पायलटने बूच काढायच्या स्क्रूसारखे वळसे घेत विमान खाली-वर फेकायचे. त्या रात्री गनरच्या कपड्यांतली विजेची ऊब बंद पडली होती. हात एवढे गारठले की त्याला मायक्रोफोनही चालवता येईना.

आणि पायलट एकच. १९४२मध्ये ब्रिटिशांनी ठरवले की एका विमानामागे दोन पायलट खर्ची घालायचे नाहीत; शेजारी फ्लाइट इंजिनिअर बसेल. हिशेब म्हणून ते बरोबरच होते. पण त्या हिशेबाची किंमत अशा रात्री चुकवावी लागे.

रीडने परत न फिरता पुढे जायचे ठरवले. मागे वळणे म्हणजे अंधारात समोरून येणाऱ्या शेकडो आपल्याच विमानांच्या तोंडी जाणे. होकायंत्रे गेली होती, पण मार्ग त्याला पाठ होता. सुमारे ५० मिनिटांनी बॉम्ब नेमक्या जागी पडले. खाली नाकाडात बसलेल्या बॉम्ब टाकणाऱ्याला तोवर पायलट जखमी आहे, साथीदार गेलाय, यातले काहीच ठाऊक नव्हते, कारण इंटरकॉम मेला होता.

परतीला ध्रुवतारा आणि चंद्र. रीड अर्धवट शुद्धीत गेला तेव्हा हाताला जखम झालेल्या इंजिनिअरने, त्याच बॉम्ब टाकणाऱ्याच्या मदतीने, विमान हवेत ठेवले. नॉर्फोकमधल्या शिपडमला धुक्यात, डोळ्यांत रक्त उतरत असताना, रीडने ते उतरवले. चाकांचा एक पाय मोडला. वायरलेस ऑपरेटर वाचला नाही. रीडला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

जुलै १९४४मध्ये मात्र त्याचे विमान पडले आणि तो जर्मनांच्या कैदेत गेला. या खेपेला भर दिवसा, आणि वरून उडणाऱ्या आपल्याच एका लँकेस्टरचा बॉम्ब अंगावर आल्यामुळे.