भीती पुसली जात नाही, तरीही ती जाते कशी?

मेरी कव्हर जोन्स या तरुण मानसशास्त्रज्ञेने १९२४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका लहान मुलावर केलेल्या उपचारांची हकिकत प्रसिद्ध केली. शोधनिबंधात पीटर या नावाने येणारा हा मुलगा तेव्हा २ वर्षे १० महिन्यांचा होता आणि त्याला सशाची विलक्षण भीती वाटत असे. पांढरा उंदीर, फरचा कोट, पिसे, इतकेच काय, कापूस दिसला तरी तो घाबरत असे. त्याआधी चारच वर्षे जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी सुमारे ११ महिन्यांच्या एका बाळासमोर पांढरा उंदीर आणून त्याच क्षणी लोखंडी कांबीवर हातोडा मारण्याचा प्रयोग केला होता आणि त्यातून त्या बाळाच्या मनात उंदराची भीती निर्माण झाली होती. भीती शिकवता येते हे त्यांनी दाखवले, पण शिकवलेली भीती घालवण्याचे काम त्यांनी केलेच नाही, आणि ही गोष्ट आजही मनाला बोचते. जोन्स यांनी नेमके तेच राहिलेले काम हाती घेतले.

त्यांनी प्रथम सशाला न घाबरणाऱ्या इतर मुलांच्या सोबतीने पीटरला खेळायला बसवले आणि ससा जवळपास ठेवला. हळूहळू त्याची भीती बरीच कमी झाली. मग त्याला स्कार्लेट फीवर झाला, जवळजवळ दोन महिने उपचार थांबले, आणि रुग्णालयातून घरी निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आल्यामुळे तो व त्याच्या सोबतची परिचारिका दोघेही घाबरले. त्यानंतर ससा दिसताच जुनी भीती पूर्वीइतकीच जोरात परत आली. जोन्स यांनी पुन्हा सुरुवात केली. पीटरला उंच खुर्चीत बसवून त्याच्या आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा, त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्याच बेताने, जरा जवळ आणायचा, अशी ही पद्धत होती. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला आणि सशाने बोटे हळूच कुरतडली तरी तो शांत राहू लागला. कापूस आणि फरचा कोट यांची भीतीही त्याबरोबर ओसरली.

या हकिकतीतला कुत्र्याचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण भयगंडाच्या (फोबियाच्या, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अवाजवी भीतीच्या) उपचारांमागचे विज्ञान त्यात दडलेले आहे. भीती गेली असे वाटत असताना ती इतक्या सहज परत येत असेल, तर मधल्या काळात ती होती तरी कुठे? रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत असेच काही पाहिले होते. इशाऱ्यापाठोपाठ खाणे मिळत गेले की कुत्र्याला नुसत्या इशाऱ्यानेही लाळ सुटू लागते. मग खाणे न देता नुसता इशारा वारंवार दिला की लाळ सुटणे थांबते, पण काही काळ विश्रांती दिल्यावर तोच इशारा दिला, तर लाळ पुन्हा सुटू लागते. पुढे मार्क बाउटन आणि इतर संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले की, जुनी शिकवण पुसली जात नसून तिच्याशी स्पर्धा करणारी नवी शिकवण मेंदूत तयार होते, आणि ही नवी शिकवण ज्या ठिकाणी मिळाली त्या ठिकाणाशी ती बरीच बांधलेली राहते. भीतीच्या जुन्या आठवणीत मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या अमिग्डला या भागाचा मोठा वाटा असतो. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा काही भाग तिला आवर घालतो, आणि आत्ता आपण कुठे व कोणत्या परिस्थितीत आहोत याची माहिती हिप्पोकॅम्पस हा मेंदूचाच आणखी एक भाग पुरवतो. त्यामुळे परिस्थिती बदलली किंवा मोठा धक्का बसला, तर हा आवर सैल पडू शकतो.

आपल्याकडच्या घरांत पालीची भीती पुष्कळ आढळते, म्हणून तेच उदाहरण घेऊ. ही भीती बहुधा पालीने काही केल्यामुळे आलेली नसते. मूल आईला किंचाळून खोलीबाहेर पळताना पाहते, आणि पाल अंगावर पडल्याचे शुभाशुभ सांगणारी कोष्टके तर पंचांगातही छापलेली असतात. नुसते पाहून भीती शिकता येते हे सुझन मिनेका यांच्या माकडांवरील प्रयोगांतही दिसले आहे: दुसरे माकड घाबरल्याची चित्रफीत पाहून माकडे खेळण्यातल्या सापाला व मगरीला घाबरू लागली, पण तशाच पद्धतीने दाखवलेल्या फुलांना घाबरली नाहीत. म्हणजे काही गोष्टींची भीती आपल्याला इतरांपेक्षा लवकर शिकता येते. एकदा शिकलेली ही भीती टिकवण्याचे काम मात्र आपणच करत असतो. स्वयंपाकघरात पाल दिसली की माणूस बाहेर येतो आणि लगेच त्याला सुटल्यासारखे वाटते. ही सुटका हेच त्या पळण्याचे बक्षीस ठरते, पुढच्या वेळी पाय आणखी लवकर उचलला जातो, आणि आत थांबलो असतो तर काय झाले असते हे कळण्याची संधी प्रत्येक वेळी हुकत जाते.

ही संधी ठरवून मिळवून देणे हाच एक्स्पोजर थेरपीचा गाभा आहे. उपचार करणारी तज्ज्ञ व्यक्ती प्रथम विचारते, ‘नेमके काय होईल असे तुम्हाला वाटते?’ उत्तर येते, ‘ती माझ्या अंगावर उडी मारेल आणि मी बेशुद्ध पडेन.’ हे भाकीत कागदावर लिहून घेतले जाते. मग आधी पालीचे चित्र, मग चित्रफीत, मग बंद बरणीतली पाल आणि पुढे त्याच खोलीतल्या भिंतीवरची पाल अशा पायऱ्या रुग्णाच्या संमतीने ठरतात आणि प्रत्येक पायरीनंतर ते भाकीत खरे ठरले का हे पाहिले जाते. मिशेल क्रास्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भर याच मुद्द्यावर आहे: त्या क्षणी भीती किती उतरली यापेक्षा अपेक्षा किती ठळकपणे खोटी ठरली, यावर नवे शिकणे जास्त अवलंबून असते. त्यामुळे छाती धडधडत असतानाही सत्र यशस्वी होऊ शकते, आणि मला हा भाग फार दिलासा देणारा वाटतो, कारण आधी निर्भय होऊन मगच समोर जाण्याची अट त्यामुळे उरत नाही. स्वीडनमधील लार्स-गोरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये विशिष्ट भयगंडांसाठी जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच सत्राची पद्धत मांडली आणि ती अनेक रुग्णांना उपयोगी पडली. मात्र त्यांनाही पुढे घरी सराव सुरू ठेवावा लागतो.

नवी शिकवण जागेशी बांधलेली असते हे लक्षात घेतले, तर सराव कसा असावा हेही ठरते. दवाखान्यातल्या एका पालीसमोर शांत राहिलेला माणूस गावाकडच्या घरातल्या न्हाणीघरात रात्री पुन्हा घाबरू शकतो, म्हणून वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या वेळी आणि कुणी सोबत नसतानाही सराव करावा लागतो. हातात झाडू धरणे, कुणाचा तरी हात घट्ट पकडणे, खिशात गोळी बाळगणे अशा टेकूंचाही हळूहळू त्याग करावा लागतो, नाहीतर झाडू होता म्हणून वाचलो एवढेच मन शिकते. काही महिन्यांनी भीती परत आली, तर उपचार वाया गेले असे मानण्याचे कारण नाही; सरावाच्या त्याच पायऱ्या पुन्हा चढाव्यात.

जुनी आठवणच बदलता येईल का, यावरही संशोधन सुरू आहे. २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले की, आठवण जागी झाल्यावर काही काळ ती अस्थिर असते आणि त्या वेळी अमिग्डलामध्ये विशिष्ट औषध सोडले तर भीतीची प्रतिक्रिया नंतर दिसत नाही. माणसांवर अशा प्रयोगांचे निष्कर्ष अजून एकसारखे आलेले नाहीत, त्यामुळे त्यावर विसंबून सराव टाळणे योग्य नाही.

रक्त, जखम आणि इंजेक्शन यांच्या भीतीसाठी मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. इतर भयगंडांत रक्तदाब वाढतो, तर या भीतीत तो आधी वाढून नंतर एकदम खाली येतो आणि माणूस खरोखरच बेशुद्ध पडू शकतो. अशा व्यक्तीला शरीर सैल सोडायला सांगणे उलट त्रासदायक ठरते. तिला हात, पाय आणि धडाचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, ताठ धरायला आणि मग थोडे ढिले करून काही वेळाने पुन्हा तसेच करायला शिकवतात; त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. हा सराव हाती आला की मगच सुईच्या चित्रापासून सुरुवात केली जाते. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल, तर असे काही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. भीतीमुळे नोकरी, शिक्षण किंवा आवश्यक उपचारच टळत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठी उपलब्ध आहे.