छोटी फाईल टाइमलाइनवर का अडखळते?

फोनवर फुल एचडीमध्ये घेतलेला एका मिनिटाचा व्हिडिओ एच.२६४ या आवळून (कॉम्प्रेस करून) साठवण्याच्या प्रकारात साधारण १३० एमबी भरतो. तोच प्रोरेस प्रॉक्सी या एडिटिंगसाठीच्या प्रकारात बदलून घेतला, तर फाईल ३४० एमबीच्या आसपास जाते. आता दोन्ही फाईली एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. साध्या लॅपटॉपवर १३० एमबीची फाईल जागोजागी अडखळते आणि ३४० एमबीची सुरळीत पळते. फाईल लहान म्हणजे काम हलकं, हा समज इतका पक्का असतो की शिकाऊ माणूस लगेच रॅम वाढवायला निघतो. रॅमने थोडा फरक पडतो, पण दुखणं वेगळंच आहे.

आधी टाइमलाइन, म्हणजे तुकडे क्रमाने लावायची सॉफ्टवेअरमधली पट्टी, कशी चालते ते पाहू. नॉन-लिनिअर, म्हणजे तुकडे हव्या त्या क्रमाने लावण्याच्या, एडिटिंगमध्ये मूळ व्हिडिओला कात्री लागतच नाही. तुम्ही कट मारता तेव्हा प्रोजेक्ट फाईलमध्ये फक्त एक नोंद होते: अमुक क्लिप, ००:०१:१२:१० पासून ००:०१:१५:०० पर्यंत, टाइमलाइनवर अमक्या जागी. शेवटचा आकडा फ्रेमचा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर हा तुकडा ६५ फ्रेमचा. तासाभराच्या कार्यक्रमाची प्रोजेक्ट फाईलसुद्धा व्हिडिओच्या तुलनेत चिमुकली असते, कारण तिच्यात चित्र नसतंच. म्हणूनच काम सुरू केल्यावर मूळ क्लिपा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या की ‘मीडिया ऑफलाइन’ची पाटी झळकते. नोंद शाबूत असते, पत्ता चुकलेला असतो. क्लिपा आधी एका फोल्डरमध्ये कायमच्या लावून घ्याव्यात, मगच इम्पोर्ट करावं.

म्हणजे प्ले दाबल्यावर सॉफ्टवेअर दर कटला मूळ फाईलच्या भलत्याच ठिकाणी उडी मारतं आणि तिथली आवळून ठेवलेली फ्रेम उलगडून दाखवतं. सगळी गोम या उलगडण्यात आहे.

फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू. प्रत्येकाला रंगाचे ३ बाइट धरले तर फ्रेम ६.२ एमबीची. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर मिनिटाला सुमारे ११ जीबी. त्यातून १३० एमबी उरतात, म्हणजे ऐंशी पटींहून जास्त आवळणं. एवढी बचत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे आवळून साधत नाही. त्यासाठी शेजारच्या फ्रेमांतलं साम्य वापरावं लागतं.

स्नेहसंमेलनात पडद्यासमोर भाषण करणारा वक्ता डोळ्यांसमोर आणा. एका फ्रेमकडून पुढच्या फ्रेमकडे जाताना पडदा तोच, माइक तोच, हात मात्र थोडा वर गेलेला. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आवळणारा प्रोग्राम, चित्राचे १६ × १६ बिंदूंचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन आधीच्या फ्रेममध्ये कुठे होता ते शोधतो. सापडला की ‘तिथला उचला, इतका डावीकडे, इतका वर सरकवा’ एवढंच लिहितो. हे सरकणं पाव बिंदूइतक्या बारकाईने मोजलं जातं. जुळणीनंतर उरलेला फरक वेगळा नोंदवतात. अशी फ्रेम म्हणजे पी-फ्रेम. जी फ्रेम कुणाचाही आधार न घेता पूर्ण साठवलेली असते ती आय-फ्रेम, आपण जिला कीफ्रेम म्हणतो. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये ती बहुधा सेकंदाला एखादी असते. एक्स२६४ या प्रसिद्ध एन्कोडरच्या मूळ सेटिंगमध्ये तर दोन कीफ्रेममधलं अंतर २५० फ्रेमपर्यंत जाऊ शकतं.

वर्तमानपत्रात बुद्धिबळाचा डाव नुसत्या चालींच्या यादीने छापतात, तसंच हे. ३७व्या चालीनंतर पट कसा होता हे बघायचं तर पहिल्या चालीपासून मांडत यावं लागतं.

आता कटांकडे या. कीफ्रेम दर ३० फ्रेमांनी आहे आणि तुमचा शॉट १० फ्रेमांचा आहे. सुरुवात कीफ्रेमवरच येईल याची खात्री नाही, त्यामुळे सरासरी १५ फ्रेम आधी उलगडून टाकून द्यायच्या आणि मग कामाच्या १०. गाण्याच्या ठेक्यावर भराभर कट मारले की दाखवण्यापेक्षा फेकण्याचंच काम जास्त होतं. दोन ट्रॅक एकावर एक असतील तर दुप्पट. कीबोर्डवरचं ‘जे’ दाबून व्हिडिओ उलटा पळवला तर आणखी वाईट: एक फ्रेम मागे जायला पुन्हा कीफ्रेमपासून सुरुवात, नाहीतर मधल्या सगळ्या फ्रेम रॅममध्ये धरून ठेवायच्या.

त्यावर बी-फ्रेम. ती मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमांचा आधार घेते. पडद्यावर ०, १, २, ३ या क्रमाने दिसणाऱ्या फ्रेम मग फाईलमध्ये ०, ३, १, २ अशा बसवाव्या लागतात, कारण १ आणि २ उलगडायच्या तर ३ आधी हाताशी हवी. प्रत्येक फ्रेमला म्हणूनच वेळेच्या दोन नोंदी चिकटवलेल्या असतात, एक उलगडण्याची आणि एक दाखवण्याची. पुन्हा न एन्कोड करता व्हिडिओ कापणारी अ‍ॅप्स इथेच फसतात. तुम्ही मागितलेल्या जागेपासून नव्हे, आधीच्या कीफ्रेमपासून ती कापतात आणि ‘पहिला एवढा भाग दाखवू नकोस’ अशी सूचना फाईलमध्ये लिहितात. काही प्लेअर ती सूचना पाळत नाहीत, आणि नको असलेला सेकंद सुरुवातीला दिसतो.

प्रोरेस किंवा त्याच्यासारख्याच डीएनएक्सएचआर प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण असते. फाईल फुगते, पण कुठेही उडी मारली तरी एकच फ्रेम उलगडायची. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची अशी हलकी प्रत. ४के क्लिपची १२८० × ७२० प्रॉक्सी केली तर बिंदू बरोब्बर एक नवमांश होतात. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मीडिया पूलमधल्या क्लिपवर राइट-क्लिक करून ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’, केडेनलाइव्हमध्ये ‘प्रॉक्सी क्लिप’. एक्स्पोर्ट मात्र मूळ क्लिपांवरूनच हवा. रेंडरच्या (अंतिम फाईल बनवण्याच्या) सेटिंगमध्ये प्रॉक्सी वापरण्याची खूण चुकून राहिलेली नाही ना, ते बघा. कल्पना जुनीच आहे. १९७१ सालच्या सीएमएक्स ६०० या पहिल्या नॉन-लिनिअर एडिटरमध्येही काम कृष्णधवल, कमी प्रतीच्या चित्रावर व्हायचं आणि अंतिम जुळणी मूळ टेपवरून.

आवळण्याची ही पद्धत कुठे हरते ते विसर्जन मिरवणुकीत दिसतं. गुलाल उधळला की हजारो कण प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी. आधीच्या फ्रेममध्ये जुळता चौकोन सापडत नाही, ठरलेले बिट पुरत नाहीत, आणि ढोलवाल्यांच्या चेहऱ्यांवर चौकोनी ठिगळं उमटतात. असं चित्रीकरण करताना बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्चायचे तो आकडा, आधीच वाढवून ठेवा. एकदा गेलेला तपशील नंतर परत येत नाही. ‘एआयने एका क्लिकवर ४के’ विकणारी अ‍ॅप्स चेहऱ्यावर अंदाजाने नवी त्वचा रंगवतात. तिथे खरोखर काय होतं हे त्यांनाही कळायला मार्ग नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला व्हिडिओ ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिट) एक्स्पोर्ट केला तरी फक्त फाईल मोठी होते. क्लिप मागवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे मूळ फाईल येते.

शेवटची अडचण आवाजाची. फोन कमी उजेडात फ्रेमची गती मधूनच कमी करतो. सरासरी २९.७ पडली आणि सॉफ्टवेअरने ती सरसकट ३० धरली, तर १० मिनिटांचं चित्र ६ सेकंद आधीच संपतं आणि ओठ शब्दांच्या पुढे पळू लागतात. कट सरकवून हे दुरुस्त होत नाही, कारण फरक प्रत्येक मिनिटाला वाढत जातो. हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून क्लिप आधी बदलून घ्या, आणि हे पहिला कट मारायच्या आधी करा. नंतर केलं तर फ्रेमांची मोजणी बदलते आणि आधी लावलेले सगळे कट आपापल्या जागेवरून हलतात.