लोणारचं विवर: ज्वालामुखी ते अशनी

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर इंग्रज अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी १८२३ मध्ये ‘शोधलं’, असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं. विवराच्या आतली देवळं तोवर कित्येक शतकं जुनी झाली होती, आणि इथे काच आणि साबणासाठी लागणारा माल मिळतो याची नोंद ‘आइन-ए-अकबरी’तही आहे. तेव्हा शोध कसला! एवढंच, की नव्या भूशास्त्राच्या नजरेला ते तेव्हा पडलं. कोडं मात्र खरं होतं. सपाट पठारात अचानक सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा, जवळजवळ वाटोळा, दीडशे मीटरच्या आसपास खोल खड्डा आणि तळाशी खारं पाणी.

उत्तर लगेच मिळालं, पण ते चुकलं. दख्खनचं पठार म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे एकावर एक थर. जिथे जमीनच ज्वालामुखीची, तिथला खड्डाही ज्वालामुखीचाच, असं एकोणिसाव्या शतकात धरून चाललं गेलं. कुणी वायूचा स्फोट म्हणे, कुणी जमीन खचली म्हणे. पण दख्खनचा लाव्हा केव्हाच थंड झाला होता आणि विवराची कड अजून ठसठशीत होती. इतक्या उशिरा एवढा स्फोट घडवणारी उष्णता आली कुठून, हा प्रश्न तसाच राहिला.

१८९६ मध्ये अमेरिकेचे भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या अशाच खड्ड्याचा विचार करताना लोणारचा दाखला घेतला आणि ॲरिझोनाचा खड्डाही वाफेच्या स्फोटाने झाला असा निष्कर्ष काढला. म्हणजे एका चुकीने दुसरीला हात दिला. गंमत अशी, की चंद्रावरची विवरं आघाताने, म्हणजे बाहेरून काही आदळून झाली हे काही वर्षं आधी याच गिल्बर्टनी मांडलं होतं!

ॲरिझोनाचा निकाल १९६० मध्ये आघाताच्या बाजूने लागला. तिथल्या वालुकाश्मात कोएसाइट हे प्रचंड दाबाखाली तयार होणारं क्वार्ट्झचं रूप सापडलं. लोणारला ही युक्ती चालण्यासारखी नव्हती, कारण बेसाल्टमध्ये, म्हणजे दख्खनच्या थिजलेल्या लाव्हाच्या खडकात, क्वार्ट्झ हे खनिज जवळपास नसतंच. मग सरोवराच्या तळात विंधन घेऊन आतला खडक वर काढला गेला. भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये जे जाहीर केलं त्यात कळीचा पुरावा होता मॅस्केलिनाइट. बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाला आघाताचा जबर धक्का बसला की त्याची न वितळताच काच होते. स्फटिकाचा बाह्य आकार तसाच राहतो, आतली अणूंची रचना मोडते. असा खडक पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाशाला एकाच दिशेने कंपू देणाऱ्या गाळण्यांमध्ये) फिरवला, की साधा फेल्डस्पार उजळतो, काळवंडतो. मॅस्केलिनाइट कसाही फिरवा, काळाच. कोणताही ज्वालामुखी एवढा दाब देऊ शकत नाही.

हे द्रव्य मुळात ओळखलं गेलं तेही भारतात पडलेल्या दगडात. १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला एक अशनी पडला होता, त्यात ते सापडलं. तो अशनी मंगळावरचा आहे हे कळायला मात्र शंभरावर वर्षं गेली. चंद्र-मंगळावरच्या विवरांचे अभ्यासक लोणारला येतात ते बेसाल्टसाठीच. ज्या खडकाने आधी फसवलं, तोच पुढे लोणारची ओळख झाला.

वयाचा वाद निराळा. तापदीप्तीच्या, म्हणजे तापवल्यावर खनिजातून निघणारा प्रकाश मोजण्याच्या पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं हा आकडा आला आणि तो सगळीकडे रुजला. २०११ मध्ये आघाताने वितळलेल्या खडकात काळाबरोबर साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूवरून ५ लाख ७० हजार वर्षं निघाली. जुन्या बेसाल्टमधला आर्गॉन आत अडकून राहिला तर वय फुगतं. ती दुरुस्ती करूनही आकडा दहापट मोठाच आला. मला हा दुसरा आकडा जास्त पटतो. लिखाणात मात्र ५२ हजारच अजून ठाण मांडून आहेत.

उत्तरेला जवळच अंबर तळं आहे. ते त्याच अशनीच्या तुकड्याने झालं असं सांगतात, पण आघाताचा ठाम पुरावा तिथे मिळालेला नाही.